कोल्हापूरची रेल्वे इंग्रजांनी दिली, हे खरं नाही

वळिवडे, रुकडी, हातकणंगले ही छोटी स्टेशनं पाहून आपल्याकडे हमखास म्हटलं जातं, "इंग्रजांनी केलं म्हणून टिकलं." हे आता थांबायला हवं. मिरज ते कोल्हापूर हा सुमारे 47 किलोमीटरचा मार्ग कोल्हापूर संस्थानाच्या खर्चाने झाला आणि मालकीही संस्थानाचीच होती. सदर्न मराठा रेल्वे ही ब्रिटिश कंपनी फक्त गाड्या चालवायची. बहुधा गैरसमजाचं मूळ इथेच आहे: गाडी ज्याची दिसली, रूळही त्याचेच ठरले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पायाभरणी 1888 मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते झाली, पण तेव्हा ते जेमतेम चौदा वर्षांचे होते. 1891 मध्ये गाडी धावू लागली आणि राज्यकारभार त्यांच्या हाती आला 1894 मध्ये. म्हणजे निर्णय ते अल्पवयीन असतानाच्या प्रशासनाचा. त्यांची खरी दृष्टी दिसते ती पुढे, या लोहमार्गालगत वडिलांच्या नावाने वसवलेल्या जयसिंगपूरच्या बाजारपेठेत. त्याचं श्रेय मात्र निखळ त्यांचंच आहे, आणि ते पोरांना शाळेतच कळायला हवं. जुना मीटरगेज रूळ 1971 च्या सुमारास ब्रॉडगेज झाला.