कॅल्क्युलेटरमधला काळा आकडा

मेव्हण्यानं गेल्या उन्हाळ्यात झकास पोलरॉइड गॉगल घेतला आणि आठवड्याभरात मोबाइल दुरुस्तीला टाकला. तक्रार अशी, की स्कूटरच्या हँडलवर मोबाइल आडवा लावला की नकाशा गायब, स्क्रीन काळीकुट्ट. काढून उभा धरला की सगळं ठीक. दुकानदारानं दोन दिवस ठेवून घेतला, 'काही प्रॉब्लेम नाही' म्हणून परत दिला आणि तपासणीचे दोनशे रुपये घेतले. मी एवढंच म्हटलं, "गॉगल काढून बघ रे."

त्याचं तरी काय चुकलं? एलसीडी, म्हणजे त्याच्या मोबाइलसारखा द्रवस्फटिकांचा पडदा, म्हटलं की बहुतेकांना वाटतं, आत कसलेतरी स्फटिक आहेत, वीज मिळाली की ते उजळतात, नाही मिळाली की विझतात. द्रवस्फटिक उजळत नाहीत आणि प्रकाश अडवतही नाहीत. ते प्रकाशाला पीळ देतात, बस. अंधार पाडायचं काम दुसऱ्याच कुणाचं असतं.

प्रकाशलहर ज्या दिशेनं चालली असेल तिच्याशी काटकोनात तिचं विद्युतक्षेत्र थरथरत असतं. दिव्याच्या प्रकाशात ही थरथर उभी, आडवी, तिरपी, सगळीच असते. ती एकाच दिशेत उरली की प्रकाश ध्रुवित झाला. (ध्रुवीकरण हा शब्द हल्ली निवडणुकांनी पळवलाय, म्हणून मी आपला 'ध्रुवण' म्हणतो.) ताणलेल्या प्लॅस्टिकला आयोडीन पाजून केलेली पोलरॉइड फिल्म ताणाच्या दिशेतली थरथर गिळते आणि तिच्या काटकोनातली सोडते. अशा दोन फिल्म काटकोनात एकमेकींवर ठेवल्या की पलीकडचं काही दिसत नाही. एलसीडीच्या पुढच्या काचेवर एक फिल्म असते, दुसरी मेव्हण्याच्या नाकावर होती.

मला हे नीट उमगलं ते एका म्हाताऱ्या कॅल्क्युलेटरमुळे. पात्याच्या टोकानं त्याच्या काचेवरची फिल्म सोलली. गोंद बोटांना चिकटला, एका कोपऱ्यात फिल्म फाटली. मग आठचं बटण दाबत गेलो. पट्टी कोरी. बटणं चालत होती, आकडे मात्र कुठंच नव्हते. गॉगल डोळ्यांसमोर जरा तिरका धरला, तर आठ आठ आठ, ठळक काळे. तोच गॉगल काटकोनात फिरवला, आता सगळी पट्टी काळी आणि आठ रुपेरी! काचेच्या आत काडीचाही बदल झालेला नव्हता.

आत असतं ते द्रव. त्यातले लांबट रेणू भाजीवालीनं जुडी बांधलेल्या शेवग्याच्या शेंगांसारखे: तोंडं एका दिशेला, पण कुणाचं टोक पुढं, कुणाचं मागं. जागा बदलायची मोकळीक असते म्हणून द्रव, दिशा पाळायची शिस्त असते म्हणून स्फटिक. हे द्रव दोन काचांच्या मध्ये भरतात. काचांवरचा बहुवारिकाचा (पॉलिमरचा) लेप आधी कापडानं एकाच दिशेत घासलेला असतो आणि रेणू त्या घासणीला धरून पडतात. दोन काचांच्या घासण्या काटकोनात ठेवल्या, की मधले रेणू जिन्याच्या पायऱ्यांसारखे हळूहळू वळत नव्वद अंश पार करतात.

मागच्या काचेवरही एक फिल्म असते; तिच्यातून ध्रुवित होऊन आलेला प्रकाशही या जिन्यावरून वळत येतो. का? 'जिना वळतो म्हणून' हे उत्तर बऱ्याच पुस्तकांत मिळतं आणि ते उत्तरच नव्हे.

रेणूच्या लांबीच्या दिशेतली थरथर सावकाश पुढं जाते, आडवी थरथर भरभर. पाच-सीबी नावाच्या द्रवस्फटिकात दोघींचे अपवर्तनांक (प्रकाश किती मंदावतो त्याचं माप) साधारण 1.7 आणि 1.5 आहेत. आता समजा, प्रकाश पहिल्या थरात रेणूंच्या लांबीला समांतर शिरला. पुढचा थर किंचित वळलेला. तिथं थरथरीचे दोन वाटे होतात: मोठा वाटा नव्या लांबीच्या दिशेत, बारीकसा वाटा आडवा. या बारीक वाट्याला गळती म्हणू. प्रत्येक थरात अशी थोडी गळती होते, पण गळलेल्या प्रकाशाचा वेग निराळा. त्यामुळे या थरातली गळती आणि काही थरांनंतरची गळती यांचा ताल जुळत नाही. एकीचा चढ दुसरीच्या उतारात पडतो आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. टिकतो तो रेणूच्या लांबीला धरून चाललेला वाटा, आणि ती लांबी तर वळत निघालेली असते. फ्रान्सच्या शार्ल मोगँ यांनी हे 1911 साली मांडलं, कॅल्क्युलेटर येण्याच्या कितीतरी आधी.

साखर कारखान्यात रसाची 'पोल', म्हणजे त्यातलं साखरेचं प्रमाण, काढतात तेव्हाही ध्रुवणाची दिशाच मोजतात. पण 100 मिलिलिटरमध्ये 10 ग्रॅम साखर असलेलं पाणी 10 सेंटिमीटरच्या नळीत भरलं, तर प्रकाश जेमतेम साडेसहा अंश वळतो. इथं पाच मायक्रॉनात, म्हणजे मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागांत, नव्वद! साखरेत एकेका रेणूचा वाकडेपणा कामाला येतो, इथं रेणूंची रांग.

पुढचं थोडं आकडेमोडीचं आहे. गळती पुरती मरायला थर जाड हवा. पण जाड थर सुस्त असतो, त्याला वळायला वेळ लागतो. गूच आणि टॅरी या संशोधकांनी 1975 मध्ये दाखवलं, की पातळ थरातही ठरावीक ठिकाणी गळती नेमकी शून्य होते. त्यातलं पहिलं ठिकाण येतं ते थराची जाडी गुणिले अपवर्तनांकांतला फरक हा गुणाकार तरंगलांबीच्या 0.866 पट, म्हणजे तीनच्या वर्गमुळाच्या निम्मा, झाला की. 550 नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी तो 476 नॅनोमीटर. फरक 0.1 असेल तर जाडी 4.8 मायक्रॉन. लाल-निळ्याला हे माप तंतोतंत बसत नाही, त्यामुळे थोडी रंगछटा राहते.

वीज लागते ती जिना मोडायला. दोन-तीन व्होल्ट दिले की मधले रेणू काचेशी काटकोनात उभे राहतात. प्रकाशाला मग शेंगेचं फक्त टोक दिसतं. लांबीही नाही, आडवंही नाही, म्हणून वळणंही नाही. न वळलेला प्रकाश पुढची फिल्म गिळते आणि तेवढा भाग काळा दिसतो. ही वीज दिशा बदलत राहणारी लागते, एकाच दिशेची दिली तर द्रव हळूहळू नासतं. शाड्ट आणि हेलफ्रिश या संशोधकांनी स्वित्झर्लंडमध्ये 1970 च्या डिसेंबरात याचं पेटंट मागितलं.

द्रवस्फटिक मुळात सापडले 1888 मध्ये प्रागला. राइनिट्झर हे वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलचं एक संयुग तापवत होते. ते 145.5 अंशांना वितळून गढूळ झालं आणि 178.5 अंशांना स्वच्छ, जणू दोनदा वितळलं. याच घराण्यातले काही द्रवस्फटिक आपणहून पिळलेले असतात; ऊब बदलली की पीळ बदलतो आणि परत फिरणाऱ्या प्रकाशाचा रंगही. जत्रेतल्या 'मन ओळखणाऱ्या' अंगठ्या बहुतेक याच्यावर चालतात. तीच अंगठी आता ऑनलाइन 'ऑरा दाखवणारी' म्हणून दसपट किमतीला मिळते. घेतली असेल तर चहाच्या कपाला टेकवून बघा, कपही प्रेमात पडलेला निघेल.

जुनी एलसीडी बाजूनं बघितली की चित्र फिकट पडतं, कधी काळ्याचं पांढरं होतं, कारण उभे रेणू कडेनं बघणाऱ्याला पुन्हा लांबट दिसतात. यावरच्या उपायाचं मूळ बंगळुरूत आहे. नागपूर विद्यापीठातून एम.एस्सी. झालेले शिवरामकृष्ण चंद्रशेखर, सी. व्ही. रामन यांचे भाचे, यांनी 1977 मध्ये सदाशिव आणि सुरेश या सहकाऱ्यांसह रामन संशोधन संस्थेत थाळीसारख्या चपट्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. शेंगेनं केलेली तिरपी गळती थाळी उलट्या बाजूनं भरून काढते. तशा रेणूंची पातळ फिल्म पुढं जपानमध्ये बनली आणि एलसीडीवर चिकटवली जाऊ लागली.

मेव्हण्यानं मोबाइल आता हँडलवर तिरका लावलाय. पंचेचाळीस अंशांत निम्मा प्रकाश गॉगलपार होतो. तेवढ्यात त्याचा नकाशा दिसतो.