मानसिक आजार आणि व्यसनाचे पेशंट कॅज्युअल्टीतून रेफर करणं (नाशिक)

कॅज्युअल्टीत, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, आलेल्या पेशंटला मानसिक आजार आहे किंवा दारू, ड्रग्जचं व्यसन आहे असं लक्षात आलं की त्याला मानसोपचारवाल्यांकडे किंवा व्यसनमुक्तीला पाठवतात, त्याबद्दलची ही नोंद. नाशिकमध्ये असा पेशंट घेऊन लोक त्र्यंबक रोडचं सिव्हिल, नाशिकरोडचं बिटको, आडगावचं मेडिकल कॉलेज नाहीतर जवळचं खाजगी हॉस्पिटल गाठतात. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात चार, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी, त्यातलं जवळचं ठाणं म्हणजे कसारा घाट उतरून दीडशेएक किलोमीटर, त्यामुळे पहिले काही तास जे करायचं ते इथंच करावं लागतं.

पाठवायच्या आधी शरीर तपासायचं. शुगर, ऑक्सिजन, ताप, डोक्याला मार, सोडियम हे न बघता "सायकियाट्रीची केस" लिहून मोकळं होणं धोक्याचं आहे. नेहमी दिसणारा प्रकार म्हणजे अपघातात पाय मोडून ॲडमिट झालेला माणूस, दोन दिवस गप्प असतो आणि तिसऱ्या रात्री चादरीवरचे नसलेले किडे वेचायला लागतो, घाम, थरथर, सलाईन ओढून काढतो, आणि घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी झालंय. ते बाहेरचं नसतं, दारू अचानक बंद झाल्याचं असतं. शेवटच्या पेगनंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते आणि 48 ते 72 तासांत हा भ्रम सुरू होतो, उपचार नाही मिळाले तर जीव जातो. म्हणून "शेवटची कधी घेतली?" हे ॲडमिट करतानाच विचारायचं, आणि ते आईबापासमोर नाही, बाजूला नेऊन. ग्लुकोजच्या आधी थायमिनचं (बी-1 जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन आणि लोराझेपाम किंवा डायझेपाम हे शांत करणारं औषध लागतं. अशा अवस्थेत थेट व्यसनमुक्ती केंद्रात पाठवणं चूकच आहे, आधी हॉस्पिटल.

निफाड, दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात फवारणीचं औषध घराघरात असतं, ते पिऊन आलेल्याला ॲट्रोपिन (त्या विषावरचं औषध), आयसीयू सगळं मिळतं आणि शुद्धीवर आला की डिस्चार्ज. खरी काळजी तिथंच वाटते, कारण परत प्रयत्न होण्याचा धोका पुढच्या काही आठवड्यांत जास्त असतो आणि डिस्चार्जआधी मानसोपचारतज्ज्ञाने बघणं, घरातलं फवारणीचं औषध दुसऱ्याच्या ताब्यात देणं हे उपचाराचाच भाग आहे. केस होईल या भीतीने घरचे "चुकून प्यायला" सांगतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं आणि त्याला शिक्षा नाही, हे नातेवाइकांना स्पष्ट सांगितलं तर खरं बाहेर येतं. त्याच कायद्याच्या कलम 94 नुसार जीवाला धोका असेल तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो, नामनिर्देशित प्रतिनिधी (पेशंटच्या वतीने निर्णय घेणारा माणूस) हजर असेल तर त्याची संमती घेऊन. शॉक ट्रीटमेंट मात्र यात बसत नाही.

रेफरची चिठ्ठी हा सगळ्यात कच्चा दुवा. "सायकियाट्री ओपीडीला दाखवा" एवढंच लिहिलं की पेशंट रात्री घरी जातो, सकाळी घरच्यांना रोजंदारीवर जायचं असतं, तो जातच नाही. चिठ्ठीवर काय नशा, शेवटची कधी, कुठलं इंजेक्शन किती वाजता दिलं, मरायचे विचार आहेत का, सोबत कोण आणि त्याचा फोन नंबर हे हवं, आणि पुढच्या डॉक्टरला आपण स्वतः फोन केलेला हवा. शक्य असेल तर सिस्टर किंवा समाजसेवा अधीक्षकांनी सोबत जाऊन ओळख करून द्यावी, दोन दिवसांनी घरी फोन करून विचारावं. गाडीसाठी 108, घरच्यांना बोलायला टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन 14416, जे ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, व्यसनासाठी 14446.

रामकुंड, पंचवटी भागात एकटे फिरणारे, नातेवाईक नसलेले रुग्णही असतात. स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं वाटलं तर पोलिसांनी त्यांना ताब्यात घेऊन 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, हे त्याच 2017 च्या कायद्याचं कलम 100 सांगतं, आणि लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, एक रात्र सुद्धा.