संगमरवरात दडून राहिलेला निळा

लॉरेन्स आल्मा-टाडेमा या चित्रकाराने १८६८ मध्ये रंगवलेले एक चित्र बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आहे. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावरचा शिल्पपट्ट शिल्पकार फिडियस आपल्या स्नेह्यांना दाखवतो आहे. सगळे उंच परांचीवर उभे आहेत, पाहुण्यांमध्ये अथेन्सचा नेता पेरिक्लीजही आहे, आणि भिंतीवरचे घोडेस्वार चक्क रंगीत आहेत: कांती तपकिरी, पार्श्वभूमी गर्द निळी. ग्रीक शिल्प म्हणजे शुभ्र संगमरवर, ही समजूत त्या काळी इंग्लंडमध्ये घट्ट रुजलेली होती आणि आजही ती फारशी सैल झालेली नाही. प्रत्यक्षात रंग ऊन-पावसाने गेला, आणि जो थोडाफार उरला होता त्यालाही साफसफाईने धक्का लावला. १९३७-३८ मध्ये ब्रिटिश म्युझियममधील पार्थेनॉनची काही शिल्पे तर तांब्याच्या हत्यारांनी खरवडण्यात आली.

तरीही निळ्याचे कण टिकले. वाळू, चुनखडी, तांब्याचे खनिज आणि थोडा क्षार सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजून ‘इजिप्शियन ब्लू’ हा रंग बनवत असत. रसायनशास्त्राच्या भाषेत तो कॅल्शियम कॉपर सिलिकेट. त्याच्या स्फटिकात तांब्याचा प्रत्येक आयन (विद्युतभारित अणू) चार ऑक्सिजन अणूंच्या चौकोनात मधोमध बसलेला असतो. या मांडणीमुळे त्या आयनातील इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्या अशा विभागल्या जातात, की तांबडा आणि नारिंगी प्रकाश शोषला जातो आणि डोळ्याला रंग निळा दिसतो. वरच्या पातळीवर गेलेला इलेक्ट्रॉन थोडी ऊर्जा स्फटिकाच्या कंपनांना देऊन टाकतो आणि खाली येताना उरलेली ऊर्जा सुमारे ९१० नॅनोमीटर लांबीच्या अवरक्त लहरींच्या रूपात सोडतो. शोषलेल्या दर शंभर प्रकाशकणांमागे असे दहाच्या आसपास प्रकाशकण बाहेर पडतात, आणि अशा रंगद्रव्याच्या मानाने हे प्रमाण विलक्षण मोठे आहे.

आपल्या डोळ्याची मजल साधारण ७०० नॅनोमीटरपर्यंतच. कॅमेऱ्याच्या सिलिकॉनला मात्र हा प्रकाश जाणवतो. टीव्हीच्या रिमोटचा दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून अनेकदा जांभळट दिसतो, तो याच कारणाने. म्हणून अंधाऱ्या खोलीत शिल्पावर फक्त तांबडा प्रकाश टाकायचा आणि दृश्य प्रकाश अडवणारी काच लावलेल्या कॅमेऱ्याने छायाचित्र घ्यायचे; इजिप्शियन ब्लूचा बारीकसा कणही पांढराशुभ्र चमकतो. याच पद्धतीने संशोधक जोवानी वेर्री यांना २००९ मध्ये पार्थेनॉनवरील आयरिस देवतेच्या कमरपट्ट्यावर हा निळा सापडला, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो आणखी बऱ्याच मूर्तींवर दाखवून देण्यात आला.

यावरून ‘ग्रीक मूर्तींचे मूळ रूप’ म्हणून फिरणारी भडक संगणकीय चित्रे खरी मानण्याचे कारण नाही. लाल गेरू, पिवळी माती किंवा अझुराइटचा निळा, यांपैकी काहीच असे चमकत नाही. त्यामुळे आल्मा-टाडेमाच्या घोडेस्वारांच्या तपकिरी कांतीबद्दल हा कॅमेरा बाजूनेही बोलत नाही आणि विरुद्धही नाही.