सागरी थरारकथामाला (बडोद्यातील वाचनासह)

सागरी थरारकथामाला : समुद्र, जहाज अथवा समुद्रतळ हे प्रमुख घटनास्थळ असलेल्या आणि एकच नायक भागामागून भाग संकटातून सुटत राहतो अशा कादंबऱ्यांचा संच. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः क्लाइव्ह कस्लर (१९३१–२०२०) या अमेरिकन लेखकाच्या, डर्क पिट हा नायक असलेल्या मालिकेविषयीच्या वाचकमतांचा विचार केला असून तो बडोद्यातील मराठी वाचक नजरेसमोर ठेवून केला आहे. बडोद्याला समुद्र नाही. विश्वामित्री नदी आहे आणि तिच्यात मगरी आहेत. तरीही या शहरात अशा पुस्तकांचे वाचन जुने आहे, आणि येथील ग्रंथालयांच्या घडणीमुळे त्या वाचनाला स्वतःचे असे वळण लागलेले दिसते.

संज्ञा : मराठीत ‘माला’ व ‘मालिका’ हे शब्द आज सर्रास एकमेकांऐवजी वापरले जातात. बडोद्याच्या संदर्भात मात्र त्यांतील भेद लक्षात घ्यावा लागतो. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी दोन लाख रुपयांच्या निधीतून मराठी व गुजराती ग्रंथांना आश्रय दिला. त्यातून निघालेल्या ‘सयाजी साहित्यमाला’ आणि ‘सयाजी बालज्ञानमाला’ यांतील प्रत्येक पुस्तक स्वतंत्र विषयाचे व बहुधा स्वतंत्र लेखकाचे असे. पुस्तकांना एकत्र गुंफणारा दोरा म्हणजे आश्रयदाता. याउलट थरारकथांत हा दोरा नायकाचा असतो. या न्यायाने ‘सागरी थरारकथामालिका’ हा शब्द अधिक काटेकोर ठरला असता. परंतु एकाच लेखकाच्या नावाखाली पुढे अनेक सहलेखक लिहू लागले, नायकही बदलले, आणि अशा वेळी ‘माला’ हाच शब्द वस्तुस्थितीला धरून वाटतो. म्हणून येथे तो ठेवला आहे.

उगम : सागरी कादंबरीचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक टोबायस स्मॉलेटच्या १७४८ मधील कादंबरीकडे बोट दाखवतात. तिच्यात नौदलातील जहाजावरचे जीवन प्रत्यक्ष अनुभवातून आले आहे. इतर अभ्यासक १८२४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या जेम्स फेनिमोर कूपर यांच्या कादंबरीला पहिला मान देतात. स्मॉलेटमध्ये जहाज हा नायकाच्या प्रवासातला एक मुक्काम आहे, तर कूपरमध्ये जहाज चालवण्याची विद्याच कथेला पुढे नेते. ही कसोटी मान्य केली तर दुसरे मत अधिक सयुक्तिक दिसते. मालिकेचे रूप त्यानंतर बऱ्याच काळाने आले. सी. एस. फॉरेस्टर (१८९९–१९६६) यांचा ब्रिटिश नौदलातला नायक १९३७ पासून आणि पॅट्रिक ओब्रायन यांची कप्तान-वैद्य जोडी १९६९ पासून वाचकांसमोर आली. या दोन्ही मालिका शिडाच्या जहाजांच्या, नेपोलियनकालीन युद्धांच्या आहेत. कस्लर यांनी १९७३ पासून समकालीन समुद्र, पाणबुड्या आणि बुडालेली जहाजे कथेत आणली. ‘सागरी थरारकथा’ म्हटल्यावर आजचा वाचक बहुधा हेच रूप गृहीत धरतो.

क्रमाचा वाद : वाचकांच्या मतभेदांत सर्वाधिक जागा या एका प्रश्नाने व्यापली आहे : मालिका कोणत्या पुस्तकापासून वाचावी? डर्क पिटचे पहिले प्रसिद्ध झालेले पुस्तक १९७३ चे. परंतु नायकाला घेऊन कस्लर यांनी आधी लिहिलेली कादंबरी तेव्हा छापली गेली नाही. ती ‘पॅसिफिक व्हॉर्टेक्स!’ या नावाने १९८३ मध्ये, म्हणजे नायक चांगला नावारूपाला आल्यानंतर, बाहेर आली. त्यामुळे लेखनक्रमाने ती पहिली आणि प्रकाशनक्रमाने नंतरची. पहिल्या बाजूचे वाचक म्हणतात की नायक तिच्यात कच्चा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात व्हावी. दुसऱ्या बाजूचे नेमक्या त्याच कारणासाठी ती मागे ठेवायला सांगतात, कारण कच्च्या पुस्तकाने नवा वाचक पळतो.

हा वाद कस्लर यांच्यापुरता नाही. फॉरेस्टर यांचा नायक १९३७ च्या पुस्तकात कप्तान आहे. त्याच्या उमेदवारीच्या दिवसांच्या कथा पुस्तकरूपाने १९५० मध्ये आल्या. म्हणजे प्रकाशनक्रमाने वाचणाऱ्याला आधी कप्तान भेटतो आणि तेरा वर्षांनी समुद्र लागून ओकाऱ्या काढणारा पोरगा. प्रस्तुत नोंदकाराला प्रकाशनक्रमच बरा वाटतो. लेखक वाढत जातो तो त्याच क्रमाने दिसतो.

भारतीय वाचकासाठी आणखी एक गुंता होता. १९७३ चे तेच पुस्तक ब्रिटनमध्ये ‘मेडे!’ या वेगळ्या नावाने निघाले. भारतात ब्रिटिश आवृत्त्या सहज पोचत, अमेरिकन आवृत्त्या परदेशाहून आलेल्या नातेवाइकांच्या बॅगांतून येत. एकाच कादंबरीच्या दोन प्रती दोन नावांनी दोन दाखल क्रमांक घेऊन कपाटात बसण्याची सोय यामुळे आपोआप झाली. दुसरी प्रत उत्साहाने घरी नेऊन तिसऱ्या पानावर कपाळाला हात लावणारा वाचक कोणत्याही लायब्ररीला अनोळखी नसतो.

वर्गीकरण : ग्रंथालयात पुस्तके क्रमांकाने लावण्याच्या ड्युई दशांश पद्धतीत इंग्रजी भाषेतील अमेरिकन कादंबरीला ८१३ आणि ब्रिटिश कादंबरीला ८२३ हा क्रमांक आहे. परिणामी फॉरेस्टर व ओब्रायन एका फळीवर आणि कस्लर दुसऱ्याच फळीवर जातो. समुद्र एक असूनही कपाटे दोन. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या द्विबिंदू पद्धतीत (पहिली आवृत्ती १९३३) साहित्याची विभागणी भाषेवरून होते आणि लेखकांचा क्रम जन्मवर्षावरून लागतो, त्यामुळे तेथे हे लेखक एकाच ओळीत येतात. बडोदे संस्थानात १९१० मध्ये ग्रंथालय विभाग उभारण्यासाठी आणलेले अमेरिकन ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांनी ड्युई व कटर यांच्या पद्धतींचा मेळ घालून बडोद्यासाठी स्वतंत्र योजना तयार केली होती. सहलेखकाने लिहिलेले पुस्तक कोणाच्या नावाखाली लावावे हा प्रश्न तिन्ही पद्धतींत नियमाने सुटतो. पण वाचक मुखपृष्ठावर ज्याचे नाव मोठ्या अक्षरांत असेल त्याच्याच नावाने पुस्तक मागतो.

तांत्रिक शब्द : या कथांचे मराठीत रूपांतर करताना किंवा त्यांविषयी मराठीत बोलताना काही चुका वारंवार होतात. ‘ताशी वीस नॉट’ ही त्यांतली ठळक चूक. एक नॉट म्हणजेच तासाला एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर; तेव्हा ‘ताशी’ आधीच त्यात आला. शब्दाचे मूळ शिडाच्या जहाजावर आहे. जहाजामागे सोडलेल्या दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असत आणि वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत हातातून किती गाठी सरकल्या ते मोजत. अठ्ठावीस सेकंदांच्या घड्याळाला गाठींतले अंतर ४७ फूट ३ इंच, म्हणजे सुमारे १४.४ मीटर असे. मराठीत ‘गाठ’ असे सरळ भाषांतर कोणी केले तर ते मुळाला धरूनच होईल, मात्र वाचणाऱ्याला लग्नगाठ आठवेल.

खोलीच्या मापाला मराठीत ‘वाव’ हा चांगला शब्द आहे : दोन्ही हात पसरले असता बोटांच्या टोकांमधले अंतर, साधारण सहा फूट. कोकणातला नाखवा आजही तो समजतो. बडोद्यात मात्र हा शब्द कानाला दगा देतो. गुजरातीत ‘वाव’ म्हणजे पायऱ्यांची विहीर. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात नवलखी वाव आहे. ‘जहाज वीस वाव खोल बुडाले’ हे वाक्य बडोदेकर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे वीस विहिरी एकाखाली एक उभ्या करते. येथे मीटरच वापरावेत.

वाचकमते : १९७६ च्या कादंबरीत नायक ‘टायटॅनिक’ अख्खे वर काढतो. १ सप्टेंबर १९८५ रोजी खरे जहाज सुमारे ३,८०० मीटर खोलीवर सापडले तेव्हा ते दोन तुकड्यांत होते. तेव्हापासून या पुस्तकाविषयी दोन तट आहेत. एकाला ते शिळे वाटते. दुसऱ्याला त्यात काही बिघडलेले दिसत नाही, कारण लिहिताना उपलब्ध माहिती तेवढीच होती आणि वर काढण्याची युक्ती वाचनीय आहे. कस्लर यांना बुडालेल्या जहाजांचे वेड केवळ कागदावरचे नव्हते. कथेतील काल्पनिक सागरी संस्थेचेच नाव देऊन त्यांनी १९७९ मध्ये खरी संस्था काढली. अमेरिकन यादवी युद्धात १८६४ साली बुडालेली ‘हनली’ ही पाणबुडी त्यांच्या शोधपथकाने १९९५ मध्ये शोधल्याची घोषणा झाली (शोधाचा पहिला मान कोणाचा यावर दुसऱ्या एका शोधकानेही दावा सांगितला होता) आणि ८ ऑगस्ट २००० रोजी ती पाण्याबाहेर आली. कल्पित कथेच्या बळावर खऱ्या बुडालेल्या वस्तूंपर्यंत पोचलेला लेखक म्हणून त्यांना वाचकांकडून जी मोकळीक मिळते ती इतरांना क्वचितच मिळते.

साच्याविषयीची तक्रार सर्वांत जुनी. आरंभी इतिहासकाळातला एक प्रसंग, त्यात हरवलेले जहाज किंवा खजिना, मग वर्तमानकाळ, गर्भश्रीमंत खलनायक, नायकाचा अशक्य बचाव. साचा आहे हे त्याचे चाहतेही नाकारत नाहीत. कीर्तनात पूर्वरंग-उत्तररंग ठरलेले असतात म्हणून कोणी उठून जात नाही, हा त्यांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. १९९० पासून लेखक स्वतः कथेत छोट्या भूमिकेत डोकावू लागला. काहींना ही गंमत वाटते, काहींना आगाऊपणा.

नायकाचे वयही वादात आहे. २००१ च्या पुस्तकात त्याची मोठी झालेली जुळी मुले अवतरतात आणि २००३ मध्ये तो लग्न करतो. पुढच्या वर्षापासून लेखकाचा मुलगा डर्क सहलेखक झाला (नायकाचे नाव याच मुलावरून ठेवलेले), आणि वडिलांच्या मृत्यूनंतर मालिका त्यानेच चालवली. १९९९ पासून निघालेल्या उपमालिकांत वेगवेगळे सहलेखक आहेत. सहलेखकांच्या काळात भाषा सफाईदार झाली पण पात्रांचा तऱ्हेवाईकपणा गेला, असा सूर जुन्या वाचकांत आढळतो. स्त्रीपात्रांविषयीची नाराजी प्रामुख्याने पहिल्या दशकातील पुस्तकांविषयी आहे व ती रास्त आहे.

बडोदे : बडोदे संस्थानात १९०६ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू झाले आणि चारच वर्षांनी ग्रंथालयांची चळवळ राज्याच्या खर्चाने उभी राहिली. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची ग्रंथालये आणि कुलूपबंद लाकडी पेट्यांतून फिरणारी ग्रंथालये अशी तिची रचना होती. बॉर्डन १९१३ मध्ये परतले. पुढे हा विभाग ज. स. कुडाळकर यांनी सांभाळला. पेटीत जे येईल ते वाचायचे, पुढचा भाग पुढच्या पेटीत असेलच असे नाही, ही सवय या रचनेतून वाचकाला लागली असावी. क्रमाच्या वादाकडे बडोदेकर वाचक काहीसा त्रयस्थपणे पाहतो त्याचे एक कारण येथे शोधता येईल. दुकानात जाऊन संच विकत घेणाऱ्याला पहिला भाग कोणता हे ठाऊक असावे लागते. देवघेवीच्या खिडकीशी उभ्या असलेल्याला ‘यातले आत्ता शिल्लक काय आहे?’ एवढेच विचारायचे असते. वाचलेला भाग कोणता हे सांगताना तो क्रमांक सांगत नाही. ‘विमान पाण्यात पडतं ते’, ‘बर्फातलं’, ‘वाळवंटातलं’ अशी खूण देतो, आणि ग्रंथपालाला ती पुरते.

दुसरे कारण भाषेचे. येथील मराठी माणूस गुजराती सहज वाचतो, आणि गुजरातीत सागरी साहसकथेची स्वतःची परंपरा आहे. गुणवंतराय आचार्य यांची झांझिबारचे गुजराती व्यापारी व गुलामांचा व्यापार या विषयावरील ‘दरियालाल’ (१९३८) ही कादंबरी तिचे ठळक उदाहरण. द्वारका व ओखामंडळ बडोदे संस्थानात होते आणि ओखा बंदर १९२६ मध्ये सुरू झाले. संस्थानी नोकरीत बदली होऊन तिकडे गेलेली मराठी कुटुंबे होती. दर्या, नाखवा, सुकाणू, शीड हे शब्द दोन्ही भाषांत थोड्याफार फरकाने चालतात. त्यामुळे या वाचकाचे कस्लरविषयीचे एक मत इतरत्र सहसा ऐकू येत नाही : यात खलाशी दिसत नाहीत, सगळे अधिकारी आणि शास्त्रज्ञच. दोरी ओढणारा, पाणी उपसणारा माणूस कुठे आहे? आचार्यांकडे तो आहे.

दांडिया बाजार-रावपुरा भागात भाड्याने पुस्तके देणाऱ्या छोट्या लायब्ऱ्यांतून ही पुस्तके हाताळली गेली. अशा एका लायब्ररीतील, आता रद्दीतून खासगी संग्रहात आलेली एक प्रत प्रस्तुत नोंदकाराने पाहिली आहे. मूळ मुखपृष्ठ गेलेले, वर काळे रेक्झिन, कण्यावर बॉलपेनने देवनागरीत ‘कस्लर – जहाज’ एवढेच. आतल्या तारखांच्या चिठ्ठीला जागा न उरल्याने तिच्यावर दुसरी चिकटवलेली. समुद्रतळाच्या वर्णनाची चार-पाच पाने कोरी करकरीत आणि पाठलागाची पाने बोटांनी काळवंडलेली, त्यावरून वाचक कुठे रेंगाळले व कुठे पाने उलटून गेले ते कळते. शेवटचे पान फाटलेले आहे. त्याच्या आधीच्या पानाखाली पेन्सिलीने कोणीतरी लिहिले आहे, ‘शेवटचे पान नाही. पुढे काय झाले?’ त्याखाली वेगळ्या अक्षरात, निळ्या शाईने : ‘वाचला.’ आणि त्याच्याही खाली तिसऱ्या हाताने : ‘कोण? तो का तुम्ही?’