न टिकलेल्या गोचिडांचा हिशोब

एकाच कुरणात चरणाऱ्या दोन गाई. एकीच्या कासेजवळ, मांडीच्या आत, गळ्याच्या पोळीखाली फुगलेल्या गोचिडांची दाटी. दुसरीच्या अंगावर शोधून चार-पाच सापडतात. हा निव्वळ योगायोग नसतो. दुसरी गाय गोचिडाला अंगावर टिकू देत नाही, आणि तिचा हा गुण मोजता येतो.

मोजायचे काय, हा पहिला प्रश्न. उष्ण प्रदेशांतला सर्वांत त्रासदायक गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस, पिल्लू असताना जनावरावर चढतो आणि सुमारे २१ दिवस तिथेच कात टाकत वाढतो. पिल्ले इतकी बारीक की मोजणे अशक्यच. मादी मात्र शेवटच्या एका दिवसात झपाट्याने रक्त पिऊन फुगते आणि गळून पडते. म्हणून ४.५ ते ८ मिलिमीटर लांबीच्या माद्याच मोजायच्या, अशी पद्धत ऑस्ट्रेलियात १९७० च्या सुमारास रूढ झाली. या माद्या पुढच्या २४ तासांत पडणार, म्हणजे मोजणीत एका दिवसाचेच पीक येते. जनावर खोड्यात घ्यायचे, कानापासून शेपटीच्या मुळापर्यंत एका बाजूने हात फिरवायचा, केस उलटे सारून बघायचे आणि आलेला आकडा दुप्पट करायचा. काम कंटाळवाणे आहे, पण याहून भरवशाची मोजणी क्वचितच मिळते.

कुरणात पिल्लेच कमी असतील तर मात्र प्रत्येक गाय चिवट वाटेल. ही शंका नको म्हणून प्रयोगात गाईवर मोजून २०,००० पिल्ले सोडतात. त्यांतली निम्मी मादी धरली तर १०,००० माद्या तयार व्हायला हव्यात. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी काही दिवस रोज मोजून १०० च भरल्या, तर ९९ टक्के रोखल्या गेल्या; १,५०० भरल्या, तर ८५ टक्के.

इथे जरा थांबून बघावे. ९९ आणि ८५ हे आकडे परीक्षेतल्या गुणांसारखे जवळचे वाटतात, पण दुसऱ्या गाईने पंधरापट माद्या वाढवल्या आहेत आणि त्यांतली प्रत्येक दोन-तीन हजार अंडी कुरणात घालणार आहे. माझ्या मते टक्केवारीपेक्षा वाचलेल्या माद्यांची संख्याच आधी वाचावी.

बाकीची पिल्ले जातात कुठे? बरीचशी पहिल्या दिवसातच संपतात. चावा बसला की कातडीत दाह होतो, खाज सुटते, गाय जिभेने चाटून त्यांना काढून टाकते. ही ताकद बरीचशी अनुभवातून येते. गोचीड कधीच न पाहिलेल्या जनावराची पहिली मोजणी फसवी असते, म्हणून आधी त्याला गोचिडांची ओळख होऊ द्यावी लागते. वशिंड असलेल्या जाती सरासरीने सरस ठरतात, तरी एकाच जातीतही मोठा फरक असतो. दूध देणारी किंवा उपाशी गाय कमी पडते. त्यामुळे तुलना एकाच कळपातल्या, एकाच दिवशी मोजलेल्या जनावरांचीच करायची, आणि तीही अनेकदा.

जनावराजनावरांतल्या या फरकाचा साधारण तिसरा हिस्सा आनुवंशिक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे, म्हणजे निवड करून पैदास करता येते. गोचीड औषधांना दाद देईनासे झाले असताना हा मार्ग मला फार मोलाचा वाटतो. कळपातले बहुतेक गोचीड थोड्याच जनावरांवर असतात. वारंवारच्या मोजणीत तीच नावे वर आली, तर त्यांची वासरे पुढच्या पैदाशीसाठी ठेवायची नाहीत, इथूनच सुरुवात करता येते.