जुन्या सायकलीचा मूळ रंग का राखायचा? : पार्श्वभूमी

जुन्या सायकली जमवणाऱ्या बहुतेकांना आज एक गोष्ट पटलेली आहे. रंग विटलेला असेल, निकेलचा मुलामा काळवंडलेला असेल, तरी कारखान्यातून निघाली तशी राहिलेली सायकल नव्याने रंगवलेल्या चकचकीत सायकलीपेक्षा मोलाची. हे मत मात्र फार जुने नाही. काही दशकांपूर्वीपर्यंत सायकल हाती आली की आधी रंग खरवडायचा, हीच रीत होती. तेव्हा जे खरवडले गेले ते कायमचे गेले.

मुळात सायकली टिकल्याच थोड्या. १८७० च्या दशकात पुढचे चाक भलेमोठे असलेल्या सायकलींचे राज्य होते. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी साखळीने मागचे चाक फिरवणारी बुटकी ‘रोव्हर’ आणली, १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेचा टायर आणला आणि काही वर्षांतच उंच चाकांना कोणी विचारेना. पुढच्या पिढ्यांच्या साध्या सायकलींचे नशीब आणखी खडतर. त्या वापराच्या वस्तू होत्या. झिजेपर्यंत चालवल्या आणि मग मोडीत घातल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन-अमेरिकेत भंगार गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यात कितीतरी सायकली वितळल्या. राइट बंधूंनी विमानाआधी, १८९६ पासून, स्वतःच्या बनावटीच्या सायकली विकल्या होत्या. त्यांतल्याही अगदी मोजक्याच आज उरल्या आहेत.

ब्रिटनमध्ये १९५५ मध्ये जुन्या सायकलींच्या शौकिनांचा क्लब निघाला, अमेरिकेत १९६७ मध्ये ‘द व्हीलमेन’ ही संस्था उभी राहिली. अडगळीतून सायकली बाहेर काढून पुन्हा रस्त्यावर आणण्याचे मोठे श्रेय अशा मंडळींना जाते. त्या काळच्या अनेकांना आपली सायकल जुन्या कॅटलॉगमधल्या चित्रासारखी दिसायला हवी असे. म्हणून निकेल नव्याने चढवले जाई, फ्रेम सँडब्लास्ट करून (वाळूच्या जोरदार माऱ्याने जुना रंग उडवून) रंगवली जाई. त्यांना मी दोष देणार नाही. ते प्रेमापोटीच झाले. पण इमारतींच्या बाबतीत हा वाद फार आधी झडला होता. जुनी चर्चे खरवडून ‘मूळ रूपात’ आणण्याच्या सपाट्याविरुद्ध इंग्लिश कलावंत-लेखक विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्येच संस्था काढली होती. सायकलीकडे त्या नजरेने पाहायला पुढे बराच काळ जावा लागला.

खरवडताना नेमके काय जाते? जुन्या इंग्लिश सायकलीच्या मडगार्डवरची सोनेरी रेघ जवळून पाहा. ती लांब केसांच्या ब्रशने, हाताने ओढलेली असे. कारागिराने ब्रश टेकवला तिथे ती किंचित जाड असते, आणि फेरा पूर्ण होऊन टोके जुळतात तिथे बारीकसा सांधा दिसतो. तिच्याखाली भट्टीत भाजलेल्या काळ्या एनॅमलचे थर, कंपनीच्या नावाच्या ट्रान्सफरवर (फ्रेमवर उमटवलेल्या पातळ छापील चित्रावर) पिवळसर झालेले वार्निश. हे सगळे ज्या हातांनी केले त्यांची दुसरी खूण बहुधा उरलेली नाही. नवी रेघ कितीही सफाईदार असली तरी ती आजच्या माणसाची रेघ.

शिवाय सायकल हाच अनेकदा तिचा एकमेव दस्तऐवज असतो. शिकागोच्या श्विन कंपनीच्या १९४८ पूर्वीच्या क्रमांकांच्या नोंदी आगीत गेल्या. त्याआधीच्या सायकलीचे वय तिच्या अंगावरूनच वाचावे लागते. इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चर कंपनीच्या गिअरहबवर, म्हणजे आत गिअर असलेल्या मागच्या चाकाच्या मधल्या भागावर, वर्षाचा आकडा ठोकलेला असतो, युद्धानंतरच्या हबवर बरेचदा महिनासुद्धा. अर्थात तो आकडा हबचा. चाक बदललेले असेल तर फ्रेमचे वय वेगळेच निघते. क्रोम सायकलींवर आले ते १९२० च्या दशकाच्या अखेरीस, त्याआधी निकेलच. म्हणजे १९१० च्या सायकलीचे हँडल क्रोमसारखे निळसर चमकत असेल, तर ते बदललेले तरी आहे किंवा नंतर मुलामा दिलेला तरी. असे पुरावे एकमेकांशी जुळतात का, हे पाहण्यातच खरी गंमत आहे. सगळे सुटे करून, रंगवून पुन्हा जोडले की ही जुळवाजुळव संपली.

म्हणून आता पद्धत बदलली आहे. बेअरिंगचे छर्रे आणि कप धुऊन नवे ग्रीस भरायचे, मळ हलक्या हाताने पुसायचा, ठिसूळ झालेल्या ट्रान्सफरपासून दूर राहायचे. गंजलेले स्टीलचे सुटे भाग ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणात ठेवतात, पण ते विषारी आहे आणि काही रंगांना खाते, तेव्हा न दिसणाऱ्या कोपऱ्यावर आधी करून पाहावे. टायर, ब्रेकचे रबर, केबल मात्र बिनधास्त बदलावेत; मूळ मालकानेही ते बदललेच असते. काढलेले जुने टायर तेवढे फेकू नयेत, चिठ्ठी बांधून ठेवावेत.

गाठ सुटत नाही ती एकाच बाबतीत. सायकलीला तिच्या पहिल्याच मालकाने सत्तर वर्षांपूर्वी घरी ब्रशने रंग दिला असेल तर? खाली कारखान्याचा रंग शाबूत असण्याची शक्यता असते आणि काहीजण तो बाहेर काढण्यासाठी महिनोन्‌महिने वरचा थर सोलत बसतात. माझे मत वरचा रंग ठेवण्याच्या बाजूने आहे. तोही त्या सायकलीच्या आयुष्यातच लागलेला आहे, आणि खालचा रंग त्याच्या आड सुरक्षितच राहतो.