सहा इंचांवरचा खिळा

अमेरिकेतल्या मायामी शहरात एक विद्यापीठ मुद्दाम घरं मोडतं. फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीच्या आवारात माणूसभर उंचीचे बारा पंखे एकाला एक लागून रचले आहेत. प्रत्येकाला ७०० अश्वशक्तीची मोटर. सगळे एकदम सुरू केले की ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाचा झोत सुटतो, म्हणजे पाचव्या, सगळ्यांत वरच्या श्रेणीचं हरिकेन. (आपल्याकडे ज्याला चक्रीवादळ म्हणतात त्यालाच अटलांटिकच्या बाजूला हरिकेन म्हणतात, जात एकच.) समोर फिरत्या चबुतऱ्यावर घराची प्रतिकृती, छताचा तुकडा किंवा खिडकी ठेवायची, वर पाण्याचे फवारे मारायचे आणि आधी काय सुटतं ते बघत बसायचं. या यंत्राला तिथे ‘वॉल ऑफ विंड’ म्हणतात, वाऱ्याची भिंत.

हे सगळं सुचलं ते एका जुन्या फटक्यामुळे. २४ ऑगस्ट १९९२ च्या पहाटे अँड्र्यू हे हरिकेन मायामीच्या दक्षिणेला होमस्टेडजवळ किनाऱ्यावर आलं. पंचवीस हजारांहून अधिक घरं जमीनदोस्त झाली, लाखभर घरांचं नुकसान झालं. ढिगारे उपसताना एक चमत्कारिक गोष्ट दिसायला लागली. जुनी घरं उभी होती आणि शेजारच्या नव्या वसाहतींची छपरं गायब होती. छपराच्या लाकडी फळ्या खिळ्यांऐवजी स्टेपलनं ठोकल्या होत्या, आणि त्यातल्या कित्येक स्टेपल खालच्या वाशात गेल्याच नव्हत्या. वाशाच्या बाजूने, नुसत्या हवेत. वरून डांबरी आच्छादन घातलं की कुणाला दिसणार?

वारा छप्पर ढकलून पाडतो असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. वारा छपराच्या कडेवर आपटतो, वर उसळतो आणि छपराला चिकटून वाहण्याऐवजी त्यापासून सुटतो. त्या सुटलेल्या जागेत हवेचा दाब घसरतो, आणि घरातली हवा छपराला खालून रेटा देते. छप्पर पडत नाही, उचललं जातं. कोपऱ्यांवर तर वाऱ्याचे भोवरे तयार होतात, म्हणून पत्रा आधी कोपऱ्यातून सुटतो. कोकणात हे कुणालाही विचारा. त्यात एखादी खिडकी किंवा गॅरेजचा दरवाजा फुटला की वारा आत घुसतो, आतला दाब वाढतो आणि छपराला दोन्हीकडून ओढ बसते. वादळात दाब सारखा राहावा म्हणून खिडक्या उघड्या ठेवा, असा सल्ला अमेरिकेत पूर्वी सर्रास दिला जाई. तो चुकीचाच नव्हे, घातक होता.

शिवाय वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात टिकलेलं घर १५० च्या वाऱ्यात सव्वादोन पट मार खातं. वादळाच्या अंकांकडे बघताना हे डोक्यात नसलं तर अंदाज फार चुकतो.

उपाय मात्र इतका साधा निघाला की हसू यावं. फळीच्या मधल्या भागात बारा इंचांवर एक आखूड खिळा, ही जुनी पद्धत. त्याऐवजी लांब खिळे, तेही सगळीकडे सहा इंचांवर. एवढ्या बदलानं छपराची उचल सोसण्याची ताकद तिपटीहून जास्त होते. अँड्र्यूनंतर फ्लोरिडानं बांधकामाचे नियम कडक केले आणि २००२ पासून राज्यभर एकच संहिता लागू केली.

इथवर गोष्ट इंजिनिअरांची. पण हरिकेनमध्ये माणसं मरतात ती बहुतेक वाऱ्यानं नव्हे. अमेरिकेत १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत अशा वादळांनी थेट घेतलेल्या बळींपैकी सुमारे ९० टक्के पाण्याचे होते, आणि निम्मे एकट्या समुद्राच्या उधाणाचे. ते पाणी कुठवर चढेल याचं गणित मांडणारं ‘ॲडसर्क’ हे संगणकीय प्रारूपही विद्यापीठांतूनच आलं, नॉर्थ कॅरोलायना आणि नोट्र डेम इथल्या दोन प्राध्यापकांच्या जोडीकडून. गणितासाठी समुद्राचे तुकडे पाडणारी जाळी खोल समुद्रात ढोबळ, किनाऱ्याजवळ येताना बारीक बारीक होत जाणारी, ही त्यातली युक्ती.

पाणी येणार हे कळलं, तरी माणसं काय करतील? हा प्रश्न विचारणारं केंद्र खरं तर या सगळ्यांच्या आधीचं. १९६३ साली, क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या काठावर जाऊन आल्याला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत एन्रिको क्वारंटेली, रसेल डाइन्स आणि यूजीन हास या तिघा समाजशास्त्रज्ञांनी ‘डिझास्टर रिसर्च सेंटर’ काढलं. पुढे १९८५ मध्ये ते डेलावेअर विद्यापीठात गेलं. सुरुवातीला पैसा पुरवणाऱ्यांत नागरी संरक्षणाचं सरकारी खातं होतं, आणि त्याची भीती उघड होती: बॉम्ब पडला तर लोक सैरावैरा धावतील, एकमेकांना तुडवतील, दुकानं फोडतील. आता शहरावर बॉम्ब टाकून तर बघता येत नाही. मग त्याच्या जवळपासचं काय? भूकंप, पूर, वादळ.

क्वारंटेलींनी विद्यार्थीदशेत प्रबंधच घबराटीवर लिहिला होता. गंमत म्हणजे, त्यांना घबराटीची उदाहरणं मिळता मिळेनात. १९६४ च्या मार्चमध्ये अलास्कात ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा केंद्राची माणसं अँकरेजला जाऊन थडकली. तिथेही तेच. लोक घाबरले होते, पण भानावर होते. पोलीस आणि लष्कराची वाट न बघता शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना बाहेर काढलं होतं. पुढच्या अनेक दशकांत शेकडो आपत्तींमध्ये हाच नमुना दिसला. खरी अडचण उलटीच असते: मदतीला येणाऱ्यांची आणि वस्तूंची इतकी गर्दी होते की रस्ते तुंबतात.

मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा अनोळखी घरांनी अनोळखी माणसांना रात्रभर आसरा दिला.

त्याच वर्षी, महिन्याभरानं, २९ ऑगस्टला अमेरिकेत कतरीना हे हरिकेन आलं. बांध फुटून न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्यात गेला. सुपरडोम या स्टेडियममध्ये आसरा घेतलेल्यांत खून पडताहेत, प्रेतांचा खच आहे, अशा बातम्या जगभर गेल्या. नंतर मोजलं तेव्हा स्टेडियमच्या आत मेलेले सहा जण निघाले आणि त्यांतला एकही खून नव्हता. पण तोवर, ३१ ऑगस्टलाच, महापौरांनी सुमारे दीड हजार पोलिसांना लोकांना वाचवायचं काम सोडून लुटारूंच्या मागे जायला सांगितलं होतं. माणसं अजून छपरांवर बसलेली होती. लुइझियानातल्या मृतांपैकी जवळजवळ निम्मे पंच्याहत्तरी गाठलेले किंवा त्याहून म्हातारे होते. घबराट कुणाला झाली होती, हा प्रश्न क्वारंटेलींच्या पठडीतल्या माणसांनी अर्थातच विचारला. त्यांचं बोट अधिकाऱ्यांकडे होतं.

यानंतर ‘रेझिलियन्स’ हा शब्द सगळीकडे बोकाळला. आपल्याकडे त्याला ‘लवचिकता’ म्हणतात, ते मला पटत नाही. वाकून पूर्ववत होते ती छडी. घराचं, गावाचं तसं नसतं. आपल्या भाषेत ‘सावरणं’ हा चांगला शब्द आहे, त्यात वेळ लागणं गृहीत असतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धन, दिवेआगरकडच्या पोफळी आडव्या केल्या. पत्रे महिन्याभरात बसवता येतात. सुपारीचं रोप धरायला पाच-सात वर्षं जातात. तोवर ते घर सावरलं म्हणायचं की नाही?

हाच हिशेब मांडायचा प्रयत्न कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीचं केंद्र २०१५ पासून करतं आहे. हे विद्यापीठ डोंगराच्या पायथ्याशी, समुद्रापासून हजाराहून अधिक किलोमीटर आत. तरीही हरिकेनच्या हंगामाचा अंदाज १९८४ पासून विल्यम ग्रे यांनी इथूनच वर्तवायला सुरुवात केली. नवं केंद्र मात्र अंदाजाच्या नव्हे, वादळानंतरच्या मागे आहे. त्यांनी नॉर्थ कॅरोलायनातलं लंबरटन हे वीसेक हजार वस्तीचं गाव निवडलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये मॅथ्यू वादळाच्या पावसानं लंबर नदी फुगली. गावाला बांध होता, पण महामार्गाच्या पुलाखालून रेल्वेचे रूळ जातात तिथे त्याला फट होती. पाणी तिथूनच शिरलं. संशोधक घरोघर गेले: पाणी किती चढलं, कोण गाव सोडून गेलं, घर स्वतःचं की भाड्याचं, मुलांची शाळा कधी उघडली. इंजिनिअर, अर्थतज्ज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ एकाच दारात उभे. मग ते पुन्हा गेले, पुन्हा गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये फ्लॉरेन्स वादळ आलं. लोकांनी त्या फटीत वाळूची पोती रचली. पाणी तिथूनच आत आलं.

एवढं झाल्यावर बळी मोजणं तरी सोपं असावं. तेही नाही. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळ प्वेर्तो रिको या कॅरिबियनमधल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावर आलं. सरकारी आकडा बरेच महिने ६४ वर थांबला होता. हार्वर्डच्या गटानं ३,२९९ घरांत जाऊन विचारपूस केली आणि अंदाज काढला ४,६४५, पण अनिश्चितता इतकी की खरा आकडा आठशेच्या आसपासचा किंवा साडेआठ हजारांच्या जवळचाही असू शकला असता. जॉर्ज वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीनं मृत्यूंच्या नोंदी घेतल्या, वादळ नसतं तर त्या सहा महिन्यांत किती मेले असते ते काढलं आणि वजाबाकी केली. उत्तर २,९७५. सरकारनं ते मान्य केलं. वीज काही महिने नव्हती. ऑक्सिजनचं यंत्र बंद पडून गेलेल्या म्हाताऱ्याच्या दाखल्यावर डॉक्टर फुप्फुसाचा आजार लिहितो, वादळ लिहीत नाही.

हीच वजाबाकी रेचल यंग आणि सॉलोमन शांग या संशोधकांनी २०२४ मध्ये फार लांबवर ताणली. १९३० ते २०१५ मधली अमेरिकेतली ५०१ वादळं घेतली आणि प्रत्येकानंतर पंधरा वर्षांपर्यंतचे मृत्यू पाहिले. सरकारी नोंदीत एका वादळाचे बळी सरासरी २४. त्यांचा अंदाज ७,००० ते ११,०००. हे संख्याशास्त्र आहे, त्यात कुणाचं नाव नाही, आणि कारणांबद्दलही संशोधक तर्कच करतात: संपलेली शिल्लक, तुटलेली नाती, रिकामी झालेली स्थानिक तिजोरी. पण त्या आकड्यांत तान्ही मुलंही आहेत, आणि वादळ आलं तेव्हा त्यांतली बहुतेक आईच्या पोटातसुद्धा नव्हती.